दोघांत एक फिल्टर पुरतो का? सॉयर स्क्वीझ, वाळवंटापासून बर्फाच्या खिंडीपर्यंत

जोडीने महिनाभर किंवा त्याहून लांब चालायला निघायचं ठरलं की तंबू कोणाच्या पाठीवर आणि स्टोव्ह कोणाच्या, यावर तासन्‌तास खल होतो. पाण्याच्या फिल्टरचं नाव यादीत सर्वात शेवटी येतं, कारण त्याचं वजन ८५ ग्रॅम. संत्र्याएवढंही नाही. पण वाळवंट आणि उंच डोंगर अशा दोन्ही मुलखांतून जाणाऱ्या वाटेवर दोघांचे हाल करू शकणारी वस्तू हीच. निकाल आधीच सांगतो: दोघांत एक सॉयर स्क्वीझ पुरतो, डोळे झाकून घ्या. मात्र त्याची राखण कोण करणार हे घरून निघतानाच ठरवा, आणि क्लोरीनच्या गोळ्या दोघांच्या पाठपिशव्यांत वेगवेगळ्या ठेवा.

आत काय आहे ते समजलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप कळतात. डायलिसिसच्या यंत्रात असतात तशा पोकळ तंतूंची जुडी या नळकांड्यात बसवलेली असते. तंतूंच्या भिंतीला ०.१ मायक्रॉनची छिद्रं. पाणी भिंतीतून आत शिरतं. जिवाणू आणि जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी बाहेर अडकतात. विषाणू या छिद्रांहून लहान, ते आरपार जातात. विरघळलेलं काहीच अडत नाही: मीठ, खतं, कीटकनाशकं, फ्लोराइड. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइडचा त्रास आहे, त्यावर याचा शून्य उपयोग. हिरव्या शेवाळाची साय आलेल्या डबक्यातली विषारी द्रव्यंही तशीच खाली उतरतात. आपल्या नागपुरातल्या सांडपाण्याने भरलेल्या नाग नदीचं पाणी गाळून पिऊन दाखवतो म्हणणारे बहाद्दर भेटतात. त्यांना हात जोडावेत.

कंपनी एक लाख गॅलनचं, म्हणजे पावणेचार लाख लिटरचं आयुष्य सांगते. तो आकडा विसरून जा. हा फिल्टर वापरून संपत नाही, एका चुकीने मरतो.

आधी बाटलीचं बघू, कारण इथलं बहुतेकांचं पहिलं अडखळणं तेच. न गाळलेलं पाणी बाटलीत किंवा पिशवीत भरायचं, तिच्या तोंडावर फिल्टर फिरवून बसवायचा आणि ती दाबायची, असं हे गाळणं. फिल्टरचे आटे २८ मिलिमीटरच्या सोडा-बाटलीचे आहेत. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर तो नीट बसतो. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचं मात्र काही खरं नाही. कित्येकांची मान आखूड आणि आटे वेगळे असतात, त्यामुळे फिल्टर बसल्यासारखा वाटतो, पण दाबताच कडेने गळतो. फिल्टर खिशात घालून किराणा दुकानात जा आणि बाटलीवर फिरवून बघा. कोल्ड्रिंकची १.२५ आणि २ लिटरची रिकामी बाटली ही दोघांच्या प्रवासाची सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ पाणपिशवी आहे. महागड्या स्टीलच्या बाटल्या घरी राहू द्या.

किती बाटल्या? अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट ४,२६५ किलोमीटरची. मेक्सिकोच्या सीमेवरून निघालं की पहिले सुमारे ११०० किलोमीटर दक्षिण कॅलिफोर्नियाचा रखरखाट, आणि नंतर सिएरा नेवाडात फॉरेस्टर खिंड, ४,००९ मीटर. अशा वाटेवर दोन पाणवठ्यांमध्ये ३० किलोमीटर अंतर पडणं नवलाचं नाही. पुढे उत्तरेला हॅट क्रीक रिमवर तर ४५ किलोमीटरहून अधिक कोरडं आहे. उन्हात माणशी सहा किलोमीटरला एक लिटर धरा. ३० किलोमीटरला पाच लिटर, त्यात रात्री पाण्याविना मुक्काम असेल तर स्वयंपाक आणि सकाळसाठी दीड लिटर. माणशी साडेसहा, दोघांचे तेरा. म्हणजे प्रत्येकाकडे २ लिटरच्या दोन आणि १.२५ च्या दोन बाटल्या. तेरा किलो निव्वळ पाणी! फिल्टरचे ८५ ग्रॅम वाचवायला हलका मॉडेल शोधणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं.

कारण हलका मॉडेल आहे. सॉयर मिनी, ५७ ग्रॅम. तो सावकाश गाळतो आणि लवकर तुंबतो. एकट्याला, डोंगरातल्या स्वच्छ झऱ्यांवर, चालेल. दोघांना घेऊ नये. हिशेब सोपा आहे: नवा स्क्वीझ नीट दाबला तर लिटरला साधारण एक मिनिट घेतो. तेरा लिटर पंधरा मिनिटांत उरकतात. तोच तुंबून चार मिनिटांवर आला की तेरा लिटरला पाऊण तासाहून जास्त, तेही भर उन्हात, पाणवठ्यावर उकिडवं बसून. जोडप्यांची खरी भांडणं इथे होतात, नकाशावरून नाही.

तुंबण्याचं कारण बहुतेक वेळा गाळ. वाळवंटात गुरांच्या हौदातून पाणी घ्यावं लागतं, तळाला चिखल आणि वर शेवाळ. लडाखमध्ये उलट: पाणी थंडगार, पण हिमनदीने खडक दळून केलेलं पीठ त्यात मिसळलेलं, राखाडी दूधच जणू. ते बारीक पीठ तंतूंच्या भिंतीवर लिंपून बसतं. उपाय आपल्या घरातलाच, तुरटी. चार लिटरला चिमूटभर पूड टाका, मिनिटभर ढवळा, अर्धा तास हात लावू नका. गाळ गोळा होऊन खाली बसला की वरचं निवळ पाणी अलगद ओता आणि मग गाळा. घाई असेल तर सुती रुमालाची दुहेरी घडी निदान शेवाळ आणि किडे तरी अडवते.

तरीही रोज संध्याकाळी उलटं धुणं हवंच. सोबतच्या सिरिंजमध्ये गाळलेलं पाणी भरा, स्वच्छ बाजूच्या तोंडाला टेकवा आणि जोरात, एका दमात ढकला. हळूहळू ढकललेलं पाणी मोकळ्या तंतूंतून निघून जातं, तुंबलेले तसेच राहतात. घाण बाजूने गढूळ पाणी बाहेर येईल; ते स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा करा. न गाळलेलं पाणी सिरिंजमध्ये कधीही भरू नका, नाहीतर स्वच्छ बाजूच नासते. वजन कमी करायला सिरिंज घरी ठेवणारे तिसऱ्या आठवड्यात पस्तावतात.

सोबत येणाऱ्या पिशव्यांना आम्ही दहापैकी चार देऊ. मानेजवळचा सांधा फाटतो. त्याचंही मूळ तुंबलेला फिल्टर: पाणी येईना म्हणून माणूस पिशवी पिळतो, आणि सगळा ताण मानेवर जातो. कुस्ती नको, तळहाताने खालून वर सावकाश गुंडाळत आणा. शिवाय त्यांचं तोंड लहान, उथळ पाण्यात त्या भरतच नाहीत. खालची कड पूर्ण उघडणारी, पट्टी सरकवून बंद होणारी २ लिटरची वेगळी पिशवी घ्यावी. आटे २८ मिलिमीटरचेच असल्याची खात्री करून. त्या पिशवीवर लाल चिकटपट्टी लावा. लाल म्हणजे घाण. दमलेल्या अवस्थेत दोघांपैकी एक जण हमखास गाळलेलं पाणी घाण पिशवीत ओततो.

आता वायसर. फिल्टरच्या घाण बाजूच्या तोंडात रबराचा एक चपटा वायसर असतो. पिशवी काढताना तो चिकटून बाहेर येतो आणि वाळूत पडतो. कोणाच्या लक्षात येत नाही. मग न गाळलेलं पाणी आट्यांतून झिरपतं, फिल्टरच्या अंगावरून ओघळतं आणि खाली लावलेल्या स्वच्छ बाटलीत टपकतं. दोन दिवसांनी दोघंही आडवे, आणि दोष फिल्टरला. दोन जादा वायसर प्रथमोपचाराच्या डबीत टाका, आणि दर वेळी पिशवी लावण्याआधी बोट घालून आतला वायसर चाचपा.

उन्हाबद्दल नागपूरकराला शिकवावं असं फार नाही. मे महिन्यात ४५ अंश इथेच भोगून होतात. आपला वाळ्याचा कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर बाटलीला ओलं सुती फडकं गुंडाळलं की कोरड्या हवेत पाणी गार राहतं. त्याला हौदातलं न गाळलेलं पाणी चालतं, पिण्याचं खर्चू नका. मीठ मात्र विसरू नका. दिवसभर नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी पितो. माणशी रोज ओआरएसची निदान एक पुडी, बरोबर एक लिटरमध्येच. ती गाळल्यानंतर मिसळायची; फिल्टरमधून साखर-मीठ गेलं की तंतू चिकट होतात.

पाणवठे चुकवत वाळवंट पार झालं, की डोंगरात शत्रू बदलतो. एकदा ओला झालेला फिल्टर गोठला तर आतल्या पाण्याचा बर्फ फुगून तंतू तडकवतो. बाहेरून काही दिसत नाही. उलट पाणी जरा जोरातच येतं आणि मालक खूश होतो. कंपनीही सांगते की गोठल्याचा संशय आला तर टाकून द्या. नागपुरात फिल्टर गोठायची एकमेव जागा म्हणजे फ्रीजर, त्यामुळे ही सवय आपल्या अंगात नसते. पारा शून्याकडे जातोय असं वाटलं की फिल्टर झटकून पाणी काढा, झिपच्या पिशवीत घाला आणि पांघरुणात घ्या. कोणाच्या पांघरुणात, हे रोज रात्री नव्याने ठरवू नका. एकच माणूस, एकच खिसा, सकाळी ऊन चढेपर्यंत जाकिटाच्या आत.

संशय आलाच तर एक ढोबळ तपासणी आहे. फिल्टर पूर्ण ओला करा आणि स्वच्छ बाजूने तोंडाने फुंका. ओल्या सूक्ष्म छिद्रांतून फुफ्फुसाच्या जोराने हवा जात नाही. गेली, तर तंतू तुटलेत. नाही गेली म्हणून सगळं ठीकच आहे असं मात्र नाही.

मग उकळूनच का पिऊ नये? एक लिटरला गॅस साधारण १२ ते १५ ग्रॅम लागतो. दोघांचे रोजचे दहा लिटर उकळायचे म्हटलं तर २३० ग्रॅमचा डबा दोन दिवसही टिकणार नाही. उकळणं आणीबाणीसाठी ठेवा: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. ४,००० मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, तेवढी उष्णता जंतूंना पुरते. डाळीला पुरत नाही, हा वेगळा मुद्दा. पाण्यातले जंतू मारणारी अतिनील किरणांची पेनं बॅटरीवर चालतात आणि गढूळ पाण्यात निकामी. पुढे.

क्लोरीनच्या गोळ्या फिल्टर हरवला तरच वापरायच्या, असं नाही. वरच्या अंगाला गाव असेल, खेचरांचा किंवा माणसांचा तळ असेल, तर विषाणूंसाठी गाळलेल्या पाण्यात त्या टाकाव्याच लागतात. क्रम असाच, आधी गाळणं आणि मग गोळी, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं. किती लिटरला एक ते पाकिटावर बघा, अर्धा तास थांबा, पाणी बर्फासारखं असेल तर त्याहून जास्त. क्रिप्टोस्पोरिडियम क्लोरीनला दाद देत नाही, तो फिल्टर अडवतो. फिल्टर आणि गोळीचं हे जोडकाम आहे.

निघण्याआधीचा सराव इथे मजेत होतो. तेरा लिटर दोन पाठपिशव्यांत भरून पहाटे रामटेकच्या पायऱ्या चढा. पट्टे कुठे काचतात आणि बाटल्या हाताला कशा लागतात ते तिथेच कळेल. गाळण्याचा सराव घरच्या नळावर करा, घड्याळ लावून. पहिल्या दिवसाचा वेळ फिल्टरच्या पिशवीवर लिहून ठेवला की पुढे तो किती मंदावला हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

परत आल्यावर बहुतेक फिल्टर घरातच मरतात. बोअरचं जड पाणी आत वाळलं की क्षार धरतात आणि पुढच्या वर्षी थेंब उतरत नाही. कोमट पाण्यात पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास बुडवा, मग उलटं धुवा. बरेचसे परत चालू होतात. ठेवण्याआधीचं शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने करा, झटका, आणि सावलीत दोन्ही तोंडं उघडी ठेवून वाळवा. मे महिन्यात दोन-तीन दिवसांत वाळेल. पावसाळ्यात परतलात तर आठवडाभर पंख्याखाली ठेवा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात बंद करू नका. कुबट वास आतूनच धरतो आणि तो कशानेच जात नाही.