१२ इंची रिंगवाला स्क्रॅपबुक अल्बम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

स्क्रॅपबुकबद्दल पहिल्या आठवड्यात मत देण्यात अर्थ नसतो. तेव्हा सगळं चिकटलेलं असतं, पानं सपाट असतात, रंग ताजे असतात. अल्बम चाळीस-पन्नास वेळा उघडला, चार हातांतून फिरला, दमट हवेचे दोन-तीन महिने त्याने काढले, की मग कोपरे उचलायला लागतात आणि कुठे काय चुकलं ते कळतं. इथे लिहिलंय ते आठ महिन्यांनंतरचं आहे: दोन अल्बम, एक घरच्या फोटोंचा आणि एक प्रवासाचा, मिळून ४४ पानं आणि दोनशेच्या आसपास फोटो.

सामान असं: डी आकाराच्या तीन रिंगांचा १२ × १२ इंची (३०.५ सेंमी) अल्बम, वरून भरायच्या पारदर्शक स्लीव्ह (पानं ठेवायची प्लास्टिकची पाकिटं), २१६ जीएसएमचा (चौरस मीटरला २१६ ग्रॅम) कार्डस्टॉक म्हणजे जाड कागद, टेप रनर (दुहेरी चिकट पट्टी ओढत लावायचं साधन), उठावासाठी फोमचे चिकट चौकोन, १२ इंची पेपर ट्रिमर (कागद सरळ कापायचं साधन) आणि पिगमेंट शाईचं ०.४५ मिमी टोकाचं पेन.

पानं धरणारी बांधणी रिंगची की स्क्रूची, हा प्रश्न सगळ्यात आधी सोडवावा, कारण तो नंतर बदलता येत नाही. स्क्रूच्या अल्बममध्ये समोरासमोरची पानं अगदी एकमेकांना भिडतात, त्यामुळे दोन पानांवर पसरलेला मोठा देखावा सलग दिसतो. रिंगमध्ये मधे बोटभर फट राहतेच आणि असा देखावा तुटतो. पण मधे एक पान घालायचं तर स्क्रूच्या अल्बममधली तिथपर्यंतची सगळी पानं काढावी लागतात. रिंगमध्ये ते दहा सेकंदांचं काम आहे. प्रवासाच्या अल्बममध्ये क्रम सतत बदलतो, म्हणून माझा कौल रिंगला. मात्र रिंग डी आकाराचीच हवी. गोल रिंगमध्ये अल्बम मिटल्यावर कडेची पानं वळणावर चढतात आणि कार्डस्टॉकला कायमचा बाक येतो.

रिंगेचा आकार बघून पानं किती मावतील याचा अंदाज चुकतो, कारण पानाची जाडी कोणी मोजत नाही. दोन्ही बाजूंना साधे फोटो लावलेल्या एका स्लीव्हची जाडी साधारण सव्वा मिमी होते: दोन कार्डस्टॉक मिळून ०.६, दोन फोटो मिळून ०.५, बाकी प्लास्टिक. दोन्ही बाजूंना फोम लावला की तीच स्लीव्ह चार मिमीवर जाते. म्हणजे २५ मिमीच्या रिंगेत सपाट पानं वीस बसतील आणि फोमची सहाच. वजनही धरा. या कार्डस्टॉकचा एक ताव २० ग्रॅमचा असतो; वीस स्लीव्हमध्ये चाळीस ताव, म्हणजे ८०० ग्रॅम, आणि फोटो धरून कव्हर सोडून दीड किलोच्या आसपास. जास्त कोंबलं की रिंगेची तोंडं किंचित सरकतात आणि पान उलटताना स्लीव्हची भोकं तिथे अडकून फाटतात. मिटलेल्या रिंगेच्या सांध्यावरून नख फिरवून बघावं. नख अडलं तर दोन-तीन पानं कमी करायची वेळ झालेली असते.

कागदाबाबत एकच सांगणं आहे: पाकिटावरच्या ‘ॲसिड-फ्री’ एवढ्या शब्दावर थांबू नये. लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) नसलेला कागदही हवा, कारण उजेड आणि हवा लागून वर्तमानपत्र पिवळं पडतं ते लिग्निनमुळेच. चांगल्या कागदात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. पुढे तयार होणारं आम्ल ते शोषून घेतं. पीएच (आम्लता) तपासायचं पेन मिळतं, त्याची रेघ कागदाच्या कोपऱ्यावर ओढली की जांभळी राहिली तर कागद ठीक आणि पिवळी झाली तर आम्लयुक्त. हे पेन लिग्निनबद्दल काही सांगत नाही आणि गडद कागदावर रेघ दिसतच नाही. गडद लाल-निळ्या कागदासाठी वेगळी चाचणी: ओला कापूस मिनिटभर दाबून धरायचा. कापसाला रंग लागला तर तो कागद फोटोखाली जाऊ द्यायचा नाही. ‘फोटो-सेफ’ या शब्दाला स्वतःचा ठरलेला अर्थ नाही. त्याऐवजी आयएसओ १८९१६ चाचणीचा उल्लेख असेल तर तो कागद किंवा गोंद फोटोवर काय परिणाम करतो हे खरोखर तपासलेलं असतं.

स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या घ्याव्यात. नव्या रेनकोटसारखा वास मारणारं मऊ प्लास्टिक बहुधा पीव्हीसी असतं. त्यातलं मऊपणा आणणारं द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि फोटो त्याला चिकटतात. घरी इंकजेटवर छापलेला फोटो निदान २४ तास उघडा वाळवल्याशिवाय स्लीव्हमध्ये घालू नये, नाहीतर आतून धुकं धरल्यासारखा थर येतो. दमट दिवसांत चकचकीत फोटो दाबाखाली प्लास्टिकला चिकटून चट्टे पडतात. हे टाळायचं तर मॅट फिनिशचे प्रिंट काढावेत. या एका बदलाने सगळ्यात जास्त फरक पडला.

आता चिकटवण्याबद्दल, कारण निम्म्या तक्रारी इथेच सुरू होतात. टेप रनरने लावलेल्या फोटोंपैकी ज्यांचे कोपरे उचलले, त्या सगळ्यांत चूक एकच होती: पट्टी कोपऱ्याच्या सेंटीमीटरभर आधी थांबलेली. लॅबमधल्या फोटोची पाठ प्लास्टिकचा थर असलेली, गुळगुळीत असते, आणि फोटोला स्वतःचा थोडा बाक असतो. मधे फुली मारून लावलेली टेप हा बाक धरून ठेवू शकत नाही. चारही कडांना, कडेपासून ३ मिमी आत, कोपऱ्यापर्यंत पट्टी हवी. मग वर स्वच्छ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने कोपरे नीट दाबायचे. हा गोंद दाबाने धरतो आणि त्याची पकड पुढच्या दिवसभरात वाढत जाते, म्हणून पान लगेच स्लीव्हमध्ये न सरकवता रात्रभर दोन जाड पुस्तकांखाली ठेवावं.

रनर ४५ अंशांत धरून एका वेगाने ओढायचा आणि शेवटी उचलताना मनगट बाजूला वळवायचं. सरळ वर उचलला की गोंदाची तार येते, तीच पुढच्या फोटोच्या दर्शनी बाजूला लागते. चाक अडकलं तर बहुतेक वेळा आत कागदाचा भुगा किंवा चमकी गेलेली असते; चिमट्याने काढून सैल झालेली टेप गुंडाळली की चालू होतो. चमकी जवळ असताना रनर वापरूच नये. रीफिलचा हिशेब आधी करून ठेवा: ४ × ६ इंची फोटोचा घेर २० इंच, म्हणजे ५० सेंमी. ८ मीटरच्या रीफिलमध्ये १६ फोटो होतात, आणि प्रत्येक फोटोमागे रंगीत मॅट (फोटोभोवती कडा दिसेल असा मागचा कागद) लावलं तर फक्त ८. मॅट कागदालाच चिकटवायचं असतं, तिथे टेप वाया घालवण्यात अर्थ नाही. पातळ पांढरा गोंद, मोहरीएवढे ठिपके, सेंटीमीटरभर अंतराने, पुरतो. मोठे थेंब टाकले किंवा बोटाने पसरवले की पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि वाळल्यावर पान लहरी धरतं. वाळताना वर बटर पेपर आणि त्यावर वजन. इंकजेट प्रिंटच्या जवळ मात्र ओला गोंद नेऊ नये, शाई उतरते.

साधी चिकटपट्टी पिवळी पडून कडक होते आणि डाग मागे राहतो. रबराचा गोंद कागदातून वर येऊन तपकिरी डाग पाडतो. ग्लू गनचा उष्ण गोंद फोटोला वाकवतो. तिन्ही वर्ज्य.

फोमबद्दल माझं मत सुरुवातीपेक्षा आता बरंच थंड आहे. पहिल्या महिन्यात उठाव सुंदर दिसतो. आठव्या महिन्यात समोरच्या पानावरच्या फोटोत त्या चौकोनाचा ठसा उमटलेला असतो आणि कडेच्या चिकट भागावर धुळीची काळी रेघ धरलेली असते. पॉलियुरेथेनचा फोम तर काळाने भुगा होऊन गळतो. घ्यायचाच तर पॉलिथिलीनचा. पानाला एकच उठाव, तोही समोर चेहरा नसेल अशा जागी. धातूच्या पिना, क्लिपा, चाकी यांनाही हाच नियम, वर गंजाची भर.

ज्या फोटोची दुसरी प्रत नाही तो कशानेही चिकटवू नये. फोटो कॉर्नर लावावेत. कॉर्नर पानाला चिकटतो, फोटो फक्त त्यात बसतो आणि हवा तेव्हा निघतो. त्याहून बरं म्हणजे असा फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ फाइल जपायची, प्रिंट अल्बममध्ये आणि मूळ फोटो वेगळ्या पाकिटात. इन्स्टंट कॅमेऱ्याचा फोटो कापायचा नाही. त्याच्या आत रसायनांचे थर सीलबंद असतात, कडा कापली की सील तुटतं. जुन्या, चिकट रेघांच्या अल्बममध्ये अडकलेले फोटो सोडवायचे असतील तर दात साफ करायचा बिनमेणाचा फ्लॉस फोटोमागून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. फोटो वाकवून ओढू नये, वरचा थर तडकतो.

ट्रिमरची सरळता घेतल्याबरोबर तपासा. एक ताव कापा, एक तुकडा उलटा करा आणि दोन्ही कापलेल्या कडा एकमेकींना लावा. मधे निमुळती फट दिसली तर ट्रिमर तिरका कापतो, आणि १२ इंचांत दीड-दोन मिमीचा तिरकेपणा चौकोनी मांडणीत लगेच डोळ्यात खुपतो. कडा केसाळ यायला लागली की फक्त पातं बदलून भागत नाही. पात्याखालची प्लास्टिकची खाचही झिजलेली असते, तीही बदलावी. जाड कार्डस्टॉक एका जोरात कापण्याऐवजी हलक्या हाताने दोनदा, एकाच दिशेने.

कागद वाचवायची एक युक्ती सांगतो. ४ × ६ च्या फोटोला चारही बाजूंनी ३ मिमी दिसेल असं मॅट म्हणजे सव्वाचार × सव्वासहा इंच. ट्रिमरवर आरपार कापत गेलं तर १२ इंची तावातून अशी तीनच निघतात. पण चार आयतं चक्रासारखी, एक उभं एक आडवं अशी फिरवून आखली तर साडेदहा इंचांच्या चौरसात चारही बसतात, मधे दोन इंचांचा चौकोन उरतो. ती मात्र कटिंग मॅटवर (कापताना खाली घ्यायच्या चटईवर) पट्टी धरून कटरनेच कापावी लागतात. शिवाय फोटोखाली झाकला जाणारा मॅटचा मधला भाग कापून काढला, तर तो दुसऱ्या पानाला कामी येतो आणि पानाची जाडीही कमी होते.

प्रिंट मागवताना दोन गोष्टींनी घोटाळा होतो. फोनचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२ मध्ये. आडव्या फोटोची वर-खालून मिळून ११ टक्के उंची कापली जाते, आणि तीत उभ्या माणसांचे पाय किंवा डोकी जातात. आधी स्वतः क्रॉप करून मगच लॅबला द्यावं. दुसरं, ३०० डीपीआयसाठी ४ × ६ ला १२०० × १८०० पिक्सेल लागतात, ५ × ७ ला १५०० × २१००. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो अनेकदा याहून लहान झालेला असतो. फोनवर छान, कागदावर मऊ. मूळ फाइलच मागावी.

मांडणीतही हिशेब लागतो. तीन उभे ४ × ६ शेजारी ठेवले की १२ इंच संपले, समास शून्य. म्हणून सगळे फोटो एकाच आकारात काढू नयेत. पानाला एक ५ × ७, सोबत दोन-तीन ३ × ४, आणि मजकुराला हातभर नाही पण तळहाताएवढी जागा राखलेली. हे प्रमाण सतत जमून आलं. आधी फोटो सुटे मांडायचे, फोनवर मांडणीचा फोटो काढायचा, मग चिकटवायचं.

मजकूर वेगळ्या कार्डावर लिहून ते कार्ड लावावं, म्हणजे शेवटच्या ओळीत चूक झाली तरी पान वाया जात नाही. बॉलपेनाची शाई फिकी होते आणि दाबाचा व्रण उठतो. लिहायचं काय, तर तारीख, जागा, डावीकडून उजवीकडे पूर्ण नावं. नुसतं ‘आजी’ लिहिलं तर तीस वर्षांनी कोणाची आजी हे कळायला मार्ग नसतो. लॅबच्या फोटोच्या पाठीवर पेन्सिल उमटत नाही. पिगमेंट पेनाने कडेला लिहून पूर्ण वाळू द्यावं.

प्रवासातली तिकिटं आणि पावत्या आल्या दिवशी स्कॅन कराव्यात. त्यातली बरीचशी थर्मल कागदावर छापलेली असतात, उजेड आणि उष्णतेने अक्षरं उडतात. एक पावती पाचव्या महिन्यातच अर्धी कोरी झाली होती. अल्बममध्ये लेझर प्रत लावावी. वाळलेली पानं-फुलं सुटी न लावता लहान पाकिटात, फोटोला स्पर्श न होता. शिंपले आणि वाळू मात्र नकोच, एक कण स्लीव्हमध्ये शिरला की प्रत्येक उघडझापीला ओरखडा.

अल्बम आडवा ठेवावा, एकावर एक दोनच. उभा ठेवला तर सगळी पानं भोकांवर लोंबतात आणि खालच्या बाजूला झोळ येतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट टाळावं, ओल आणि कसर दोन्ही तिथूनच येतात. हवा ३० ते ५० टक्के आर्द्रतेची चांगली. जमत नसेल तर पेटीत सिलिका जेल ठेवून ती वेळच्या वेळी वाळवावी. आणि प्रत्येक सहलीच्या पानांमागे एक स्लीव्ह रिकामी सोडावी: बाकीच्यांच्या फोनमधले फोटो महिना-दोन महिन्यांनी येतातच, त्यासाठी चिकटवलेलं पान उचकटावं लागत नाही.