बाल्कनीतला हायड्रोपोनिक टब, नऊ महिन्यांनी: पाणी आणि मुळं

गेल्या नोव्हेंबरमध्ये खारघरच्या आमच्या बाल्कनीसाठी बारा रोपांचा हायड्रोपोनिक संच, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यात रोपं वाढवायचा संच, मागवला. २० लिटरचा पांढरा टब, भोकांचं झाकण, जाळीच्या कुंड्या, भाजलेल्या मातीचे गोळे, हवेचा छोटा पंप, ए आणि बी अशा खताच्या दोन बाटल्या आणि पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत ते मोजणारा पेनासारखा टीडीएस मीटर. सोसायटीतल्या तिघींनी विचारलं, घ्यावा का? त्यांच्यासाठी आणि ज्यांची रोपं आत्ता माना टाकताहेत त्यांच्यासाठी लिहिते आहे.

थंडीचे तीन महिने काही करावंच लागलं नाही. लेट्युस, पालक, तुळशीची इटालियन बहीण बेझिल, सगळं तरारून आलं. खरी परीक्षा मार्चअखेर सुरू झाली.

आधी बेझिलची नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्या. मीटर ७०० दाखवत होता आणि माहितीपत्रकात ७०० च ठेवा म्हटलेलं, म्हणून मी निर्धास्त होते. मग एकदा नुसतं नळाचं पाणी मोजलं, तर ४८०! उन्हाळ्यात आमच्या टाकीत टँकरचं पाणी मिसळतं. हिवाळ्यात हाच आकडा शंभरीच्या आत होता. म्हणजे ७०० मधले ४८० नुसते क्षार आणि खत फक्त २२०. रोपं उपाशी होती आणि मीटर भरल्या ताटाचा आकडा सांगत होता. मीटरला खत आणि क्षार यांतला फरक कळत नाही, ही गोष्ट माहितीपत्रकात पहिल्या पानावर हवी होती. तिथे ती कुठेच नाही.

त्यातच पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा. तो साधारण ५.५ ते ६.५ हवा. त्याच्या वर गेला की लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही आणि नवी पानं पिवळी होतात. मी संध्याकाळी तो ६ पर्यंत उतरवायचे, दोन दिवसांत पुन्हा ७.४. कारण टँकरच्या जड पाण्यातलं बायकार्बोनेट. ते संपेपर्यंत आम्ल गिळत राहतं. लिंबू पिळून पाहिलं. काही तास उतरतो, मग पुन्हा चढतो, कारण लिंबातलं आम्ल जिवाणू खाऊन टाकतात. फॉस्फरिक आम्लाचं तयार द्रावण थेंबाथेंबाने घातलं तेव्हा टिकला. पीएच मोजायचा पेन मी वेगळा घेतला होता, तो ०.६ ने चुकत होता. त्याचं टोक कोरडं ठेवलं की तो बिघडतो. आता मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारी पीएच तपासायची थेंबांची बाटली वापरते. रंग बघायचा, विषय संपला.

खात्री करायला नेरुळला बहिणीकडून दोन कॅन पाणी आणलं. तिच्याकडे मोरबे धरणाचं येतं, मीटरवर ७० च्या आसपास. वेगळ्या बादलीत त्याच खतावर चार बेझिल लावली. दहा दिवसांत नवी पानं हिरवीगार फुटली. मला वाटलं, सापडलं उत्तर.

मे महिन्यात त्याच बादलीतली आणि टबातलीही रोपं दुपारी माना टाकायला लागली. पाण्यात उभी असून तहानलेली! जाळीची कुंडी वर उचलली, तर मुळांचा झुबका चहाच्या रंगाचा. रंगावरून घाबरू नका. खतानेही मुळं पिवळट होतात, पण ती टणक असतात आणि वास येत नाही. माझी बुळबुळीत होती. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत दोऱ्याएवढा पांढरा तंतू उरला. वास डबक्याचा. ही मुळकूज, बहुतेक पिथियम या पाण्यात पसरणाऱ्या बुरशीसारख्या जीवाची. दुपारी तीनला पाण्यात थर्मामीटर बुडवला: ३३ अंश. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, तिशीच्या पुढे साडेसातच्या खाली येतो. आणि उष्णतेने मुळांची प्राणवायूची भूक मात्र वाढते. गुदमरलेल्या मुळांवर पिथियम सहज बसतं.

तेव्हा कळलं की माझ्याकडे दोन वेगळी दुखणी होती आणि मी एकाच औषधाने दोन्ही बरी करू पाहत होते. नवी पानं पिवळी आणि मुळं पांढरी असतील तर पाणी तपासा. पानं हिरवी असून रोप मलूल असेल तर झाकण उघडा. मी पहिल्या पंधरवड्यात खत वाढवत राहिले, त्यात पालक पूर्ण गेला. तो मला अजून डाचतो.

मग काय केलं? सडलेली मुळं कात्रीने कापली, टब घासून धुतला, केमिस्टकडचं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला २ मिली घातलं. त्याने कूज थांबली, पण ते दोन दिवसांत विरून जातं आणि चांगले जिवाणूही मारतं, म्हणून त्यावर विसंबू नका. खरा गुण थंडाव्याने आला. टबाला थर्मोकोल गुंडाळून वर ओलं गोणपाट, टब कठड्यावरून खाली फरशीवर आणि दुपारी बर्फाची एक बाटली. पाणी २७-२८ वर आलं. पांढऱ्या टबातून उजेड झिरपून शेवाळं धरायचं, तेही या गुंडाळण्याने थांबलं. पाण्याची पातळी दोन बोटं उतरवून वरची मुळं हवेत ठेवली. एकदा दुरुस्तीसाठी दिवसभर वीज गेली, पंप बंद राहिला, तरी याच मुळांनी रोपं तगली.

टँकरच्या दिवसांत मी अर्धं आरओचं पाणी मिसळते. पूर्ण आरओ वापरलं तेव्हा लेट्युसच्या कोवळ्या पानांच्या कडा करपल्या, कारण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसतं. आरओ वाया म्हणून सोडतो ते पाणी मात्र टबात घालू नका, सगळे क्षार त्यातच असतात.

आता संचाबद्दल. टब आणि झाकण मजबूत, खत चांगलं. पंप २० लिटरला अपुरा, मी दुसरा जोडला. विक्रेत्याच्या मदत क्रमांकावर तीनदा विचारलं, तिन्ही वेळा 'खत वाढवा' हेच उत्तर मिळालं. मला हे फार खटकलं. नवीन माणूस त्यांच्यावर विश्वास ठेवूनच विचारतो. तरीही पाचपैकी साडेतीन देईन. घ्यायचा असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या आणि पहिल्याच दिवशी नळाचं नुसतं पाणी मोजून आकडा झाकणावर लिहून ठेवा.

पुढच्या एप्रिलमध्ये मी पालक-लेट्युसचा हट्ट करणार नाही. नाळीची भाजी लावणार आहे, तिला कोमट पाणी चालतं. पावसात टबाचं पाणी २६ वर आहे. काल कुंडी उचलली, तर कापलेल्या जुन्या तपकिरी मुळांच्या वर, देठाला लागून, पांढरी नवी मुळं बोटभर लांब आली होती.