बाउडलराइझ: सेन्सॉर, कात्री की सोवळं?

इंग्रजी लेखाचं मराठी करताना ‘बाउडलराइझ’, म्हणजे पुस्तकातला असभ्य वाटणारा मजकूर गाळणे किंवा बदलणे, हे क्रियापद आडवं आलं की आपण ‘सेन्सॉर करणे’ लिहून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं तेच केलं. ते का जुळत नाही, हे शब्दामागचं आडनाव पाहिल्यावर कळतं.

थॉमस बाउडलर हा डॉक्टरकी शिकलेला इंग्रज गृहस्थ. १८१८ साली त्याच्या नावावर दहा खंडांत ‘फॅमिली शेक्सपिअर’ निघालं. घरच्या मंडळींसमोर मोठ्याने वाचायला संकोच वाटेल तेवढंच गाळलंय, पदरचं काही घातलेलं नाही, अशी आत छापील ग्वाही. प्रत्यक्षात लेडी मॅकबेथ हातावरचा रक्ताचा डाग घासताना ‘आउट, डॅम्ड स्पॉट’ म्हणते, तिथे ‘डॅम्ड’ जाऊन ‘क्रिमझन’ आलं. मेल्या डागाचा लाल डाग झाला! ‘ऑथेल्लो’ मात्र त्यालाही आवरेना; हे नाटक दिवाणखान्यातून उचलून आतल्या खोलीत ठेवावं, असं त्याने सुचवलं. गंमत म्हणजे १८०७ ची पहिली, वीस नाटकांची आवृत्ती त्याची बहीण हेन्रिएटा हिने केली होती, तीही निनावी. म्हणजे हा शब्द खरा तिचा. आडनाव एकच म्हणून भागलं.

आता ‘सेन्सॉर’. सेन्सॉर म्हटलं की शिक्का मारणारं सरकार आलं. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’मधल्या जागा गाळायला रंगभूमी परीनिरीक्षण मंडळाने सांगितलं आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. काय कापायचं हे सगळ्यांना माहीत होतं आणि भांडायला लेखक-दिग्दर्शक हयात होते. बाउडलरच्या हातात कुठलाच अधिकार नव्हता. शेक्सपिअरवर त्याचं प्रेमच होतं, आणि शेक्सपिअर जाऊन दोनशे वर्षं झाली होती. तक्रार कोण करणार? ‘सेन्सॉर’ लिहिलं की ही प्रेमाने केलेली साफसफाई वाचकापर्यंत पोचतच नाही.

‘कात्री लावणे’ बातमीच्या मथळ्यात खपून जातं. पण लांबलेल्या सिनेमालाही कात्रीच लागते, आणि कात्रीने ‘डॅम्ड’ जाईल, ‘क्रिमझन’ कुठून येणार? ‘संक्षिप्त’चा तर प्रश्नच नाही, ते पानं कमी करण्याबद्दल आहे.

शब्द आहे तसाच ठेवावा का? आडनावं मराठीत मुरतात. आयर्लंडमधल्या मेयो परगण्यात १८८० साली कुळांनी ज्याला वाळीत टाकलं त्या कॅप्टन बॉयकॉटचं नाव आज आपण बहिष्काराच्या जोडीला सहज घेतो, तो माणूस कोण होता हे ठाऊक नसताना. बाउडलर तसा मुरलेला नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकांसाठी लिहीत असाल तर ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा. रविवारच्या पुरवणीत तो वाचकाच्या दाताखाली खडा होईल.

माझं मत ‘सोवळं’ला. विटाळ होऊ नये म्हणून केलेली शुद्धी, तिच्यातला प्रामाणिकपणा आणि तिला बाहेरून पाहणाऱ्याचं किंचित हसू, हे सगळं या एका शब्दात येतं. मूळ इंग्रजी शब्दातही ही टवाळी आहेच; बाउडलराइझ करणारा म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही.

फक्त एक जपा. ‘नाटक सोवळं केलं’ इथपर्यंत ठीक. पण ‘आवृत्ती सोवळी केली’ असं लिहिलंत की जुन्या वाचकाच्या डोळ्यांपुढे केशवपन केलेली विधवा उभी राहते, आणि मग हसू उरत नाही. मी अशा ठिकाणी विभक्ती बदलतो: परीकथांची सोवळ्यातली आवृत्ती.