कूलरची सर्व्हिस चांगली, पण कार्डावर तारखा लिहा

नागपुरात लक्ष्मीनगरात आमचं मुलींचं वसतिगृह आहे. प्रत्येक खोलीला कूलर, त्यामुळे मार्च ते जून देखभालीला बाहेरचा माणूस लागतोच. यंदा ज्यांचं कंत्राट घेतलं त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण काम करणारी पोरं गुणी आहेत आणि जे चुकतंय ते एका कागदावर सुधारता येण्यासारखं आहे.

आधी काम. येणारा मेकॅनिक टाकीतलं पाणी नुसतं बदलून जात नाही. बूच काढून टाकी रिकामी करतो आणि आतल्या भिंती ब्रशने घासतो. हे फार महत्त्वाचं आहे. डेंग्यूचा डास अंडी घालतो ती पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भिंतीला चिकटवून. ती अंडी कोरडी पडली तरी महिनोन्महिने जगतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. नुसतं पाणी ओतून देणाऱ्याच्या हातून ती जात नाहीत. मग पंपाची जाळी धुतो, ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या गवताच्या पडद्यांवर, पाणी सोडणाऱ्या नळीच्या भोकांत बसलेला पांढरा क्षार तारेने काढतो आणि शेवटी बॉडीला टेस्टर लावून करंट उतरतोय का ते बघतो. ओल्या हाताने कूलरला हात लावून शॉक बसल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. त्याला सांगावं लागत नाही, यातच सगळं आलं.

आता कार्ड, म्हणजे कंत्राटाचं सर्व्हिस कार्ड. त्यावर छापलंय: टाकी सफाई बाय-वीकली, पंप तपासणी बाय-मंथली, ताट्या बदलणे बाय-अ‍ॅन्युअल. मी पहिल्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असा घेतला. आठवडा उलटला तरी कोणी आलं नाही म्हणून फोन केला, तर ऑफिसातून उत्तर, "ताई, बाय-वीकली म्हणजे पंधरा दिवसांतून एकदा ना!" शब्दकोश उघडला तर दोन्ही अर्थ दिलेले. म्हणजे तेही बरोबर, मीही बरोबर, आणि टाकी घाण. उन्हाळ्यात अंड्यातून डास बाहेर पडायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असं सांगतात. पंधरा दिवसांच्या सफाईत डासांची एक पिढी आरामात उडून जाते, आणि इथे खोल्यांत दुसऱ्यांच्या लेकी झोपतात.

बाय-मंथलीचंही तेच. रिझर्व्ह बँकेचं द्वैमासिक पतधोरण दोन महिन्यांनी येतं, ते इंग्रजीत बाय-मंथली. पण महिन्यातून दोनदा निघणाऱ्या गोष्टीलाही हाच शब्द चालतो. आमच्याकडे राहणारी, मिहानमध्ये, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी करणारी एक मुलगी म्हणाली, की अमेरिकेतल्या पगाराच्या हिशेबात बाय-वीकली म्हणजे दर दोन आठवड्यांनी, वर्षाला २६ पगार आणि सेमी-मंथली म्हणजे महिन्यातून दोनदा, वर्षाला २४. तिथे पैशाचा प्रश्न आहे म्हणून शब्द वेगळे ठेवलेत. आपल्या कार्डावर का नसावेत?

तिसऱ्या शब्दाचा अर्थ खरं तर ठरलेला आहे. बाय-अ‍ॅन्युअल म्हणजे वर्षातून दोनदा. दोन वर्षांतून एकदा होतं ते बाय-एनिअल, जशी राज्यसभेची निवडणूक. इथे मात्र ऑफिसने ताट्या दोन वर्षांनी बदलू म्हटलं. ते मी मान्य केलं नाही. आपल्या बोअरच्या पाण्याने एका सीझनमध्ये गवत दगडासारखं होतं, वारा आत येतच नाही.

पंधरवडा, दिवसाआड, तिमाही, सहामाही हे शब्द गंगाबाई घाटापासून गोरेवाड्यापर्यंत कोणालाही कळतात. कार्ड इंग्रजीतच हवं असेल तर 'दर सात दिवसांनी' एवढं तरी इंग्रजीत लिहा. मी ऑफिसात बसून माझ्या कार्डावर पेनाने वार लिहून घेतला: टाकी दर सोमवारी, पंप महिन्याच्या पहिल्या सोमवारी, ताट्या होळीच्या आधी एकदा आणि मे महिन्यात एकदा. शिक्का मारून दिला, जास्तीच्या सफाईचे थोडे पैसे वाढवले, ते रास्त होते. तेव्हापासून सोमवार चुकलेला नाही.

कामाला पाचपैकी पाच, कार्डाला दोन. कंत्राट घेणार असाल तर पैसे देण्याआधी वार लिहून घ्या, आणि गच्चीवरचा कूलर मोजणीत धरलाय का तेही विचारा. आमचा राहिला होता.