मेन गोडाऊनला माल पडून, शाखेत तुटवडा : टॅली, ईआरपीनेक्स्ट की ओडू?

जालन्याच्या मोंढ्यात मेन गोडाऊन आणि परतूर, सेलू, जिंतूरला दुकानं, अशी मांडणी असलेल्या कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी हे लिहितोय. पेरणीच्या दिवसांत माल कंपनीकडून येऊन पडलेला असतो, तरी शाखेत तुटतो. मेन गोडाऊनला बुरशीनाशकाच्या 400 बाटल्या असतात आणि जिंतूरचा माणूस गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणतो. बीजप्रक्रिया आज करायची असलेला शेतकरी उद्या येत नाही, शेजारच्या दुकानातून घेऊन जातो. म्हणून टॅली, ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू यांपैकी साठ्याचं कुठलंही सॉफ्टवेअर घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: किमान साठा ते गोडाऊनवार बघतं, की सगळ्या गोडाऊनची बेरीज करून?

टॅली प्राइम इथेच कमी पडतं. गोडाऊन हवी तेवढी उघडता येतात, स्टॉक जर्नलने माल इकडून तिकडे टाकता येतो. पण रिऑर्डर लेव्हल, म्हणजे साठा ज्या आकड्याखाली गेला की माल मागवायचा तो आकडा, लागते ती आयटमला, गोडाऊनला नाही. जालन्यात 400, जिंतूरला 0 आणि लेव्हल 100 असेल, तर रिऑर्डर स्टेटसमध्ये टंचाई दिसतच नाही. टीडीएल, म्हणजे टॅलीच्या स्वतःच्या भाषेतला प्रोग्राम, लिहून घेऊन हे बदलता येतं, पण मग तो लिहून देणाऱ्या माणसावर अवलंबून राहावं लागतं. दोनच गोडाऊन असतील आणि मुनीमजी रोज संध्याकाळी गोडाऊन समरी बघत असतील, तर टॅली सोडायचं काही कारण नाही. जीएसटीचं काम त्यात चांगलं होतं आणि नेट गेलं तरी बिलं थांबत नाहीत.

ईआरपीनेक्स्टमध्ये आयटमच्या पानावरच गोडाऊनवार तक्ता आहे. प्रत्येक ओळीत गोडाऊन, रिऑर्डर लेव्हल, किती मागवायचं आणि मागणीचा प्रकार भरायचा. शाखांच्या ओळीत 'ट्रान्स्फर' निवडा, मेन गोडाऊनच्या ओळीत 'परचेस'. स्टॉक सेटिंग्जमध्ये आपोआप मागणीचा पर्याय चालू केला की रोज एकदा तपासणी होते आणि मटेरियल रिक्वेस्ट, म्हणजे मालाच्या मागणीची नोंद, तयार होते. आधीच मागवलेला माल हिशोबात धरला जातो, त्यामुळे तीच मागणी दुसऱ्या दिवशी पुन्हा येत नाही. गाडी भरायचा निर्णय मात्र गोडाऊन कीपरचाच राहतो, आणि तो त्याच्याकडेच राहिलेला बरा.

लेव्हल ठरवताना गाडीचे वार धरा. समजा जिंतूरला रोज 12 बाटल्या जातात आणि टेम्पो मंगळवारी व शुक्रवारी निघतो. दोन फेऱ्यांतलं मोठं अंतर 4 दिवसांचं. माल काढायला, चढवायला आणखी 1 दिवस. म्हणजे 60, वर अडीनडीला 20. लेव्हल 80 ठेवा.

ओडूची पद्धत थोडी वेगळी. तिथे किमान आणि कमाल असे दोन आकडे भरतात. अंदाजित साठा (हातातला अधिक येणारा, वजा जाणारा माल) किमानच्या खाली गेला की कमालपर्यंत भरायची मागणी निघते. पेटीच्या पटीतच माल पाठवायचा, हेही सांगता येतं. शाखेच्या सेटिंगमध्ये माल मेन गोडाऊनमधून येणार हे ठरवून आयटमला तो रूट (माल कुठून कुठे जायचा तो मार्ग) लावला, की दोन जोडलेल्या नोंदी तयार होतात: जालन्यातून निघाला, जिंतूरला पोहोचला. मधला माल 'ट्रान्झिट'मध्ये दिसतो. आधी मुदत संपणारा लॉट (एकाच खेपेत बनलेला माल) आधी काढायचा, हा नियमही लावता येतो. बियाणं आणि औषधांच्या धंद्यात ही मोठी सोय आहे. पण रूट नीट समजून घेतले नाहीत तर घोटाळा होतो. मेन गोडाऊनला स्वतःचा खरेदीचा नियम लावायचा राहिला आणि तिथला माल संपला, तर शाखेची मागणी नुसती वाट बघत बसते.

वाटेवरचा माल ईआरपीनेक्स्टमध्येही ट्रान्झिट गोडाऊन ठेवून दाखवता येतो. टॅलीत 'वाटेवर' नावाचं गोडाऊन उघडून दोन जर्नल कराव्या लागतात. ते कराच, नाहीतर टेम्पो सेलूला पोहोचण्याआधीच माल शाखेत आल्याचं दिसतं.

कागदपत्रांचे नियम कुठल्याही सॉफ्टवेअरने बदलत नाहीत. राज्यातल्या राज्यात, एकाच जीएसटी क्रमांकाखाली माल हलवला तर कर लागत नाही, डिलिव्हरी चलन पुरतं. मालाची किंमत 1 लाखाच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन काढायचं बिल. उदगीरहून बीदरला शाखा टाकली तर मात्र राज्य बदलतं आणि क्रमांकही वेगळा. तिथे करपात्र मालावर कर लावूनच बिल करावं लागतं आणि ई-वे बिलाची मर्यादा 50 हजारांवर येते. अशा शाखेला नुसती ट्रान्स्फरची नोंद चालणार नाही.

चार-पाच गोडाऊन असलेल्या दुकानदाराला मी ईआरपीनेक्स्टच सुचवेन. तक्ता एका ओळीत समजतो, नव्या पोरालाही शिकवता येतो. लॉट आणि मुदतीचा माल जास्त, शाखाही जास्त आणि सेटिंग बघायला हाताशी जाणकार असेल, तर ओडू. दोन्ही क्लाउडवर ठेवली तर नेट लागतं. शाखेत दिवसभर नेट नसेल तर विक्री चढत नाही आणि मागणीही निघत नाही, तेव्हा दुकानात दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड ठेवा.

आणि लेव्हल वर्षभर एकच ठेवू नका. मृगाआधी सोयाबीन, कपाशीच्या मालाची वाढवा, पेरणी उरकली की उतरवा, रब्बीआधी हरभऱ्याची बघा. ईआरपीनेक्स्ट आणि ओडूत हे आकडे एक्सेलमधून एकदम चढवता येतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शाखावाल्यांना फोन लावून ती फाइल तयार करा.