सुटे लाइम की कार्ट्रिज, तीन सेल की सॉलिड-स्टेट? रिब्रीदर घेण्याआधीचा हिशेब

रिब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास स्वच्छ करून पुन्हा देणारे डायव्हिंगचे मशीन, निवडताना चर्चा रंगते ती हँडसेटची (आकडे दाखवणाऱ्या पडद्याची), वजनाची आणि पाठीवर तो कसा बसतो याची. मशीन घरी आल्यावर मात्र सतत पैसे आणि लक्ष खातात त्या दोनच गोष्टी: कार्बन डायऑक्साइड शोषणारे लाइम आणि ऑक्सिजन मोजणारे सेल. दोन्हींत दोन-दोन वाटा आहेत आणि त्या बहुतेक वेळा मशीनसोबतच ठरून जातात. एपी डायव्हिंगचे इन्स्पिरेशन घेतले की सुटे लाइम आणि रासायनिक क्रियेतून वीज देणारे तीन गॅल्व्हॅनिक सेल आले. पोसायडन कंपनीकडे वळलात की एक्स्टेंडएअर नावाची तयार शोषकाची कार्ट्रिज आणि ऑक्सिजनचे दोन सेन्सर आले.

आधी लाइम. डायव्हिंगमध्ये सर्वाधिक चालते ते सोफ्नोलाइम 797, म्हणजे 1 ते 2.5 मिमीचे दाणे. त्यात मुख्यतः कॅल्शियम हायड्रॉक्साइड, थोडा कॉस्टिक सोडा आणि बरेच पाणी असते. हे पाणी म्हणजे भेसळ नव्हे, त्याच्याशिवाय रासायनिक क्रिया सुरूच होत नाही. म्हणून उघडे राहून कोरडे पडलेले लाइम वजनाला हलके लागते आणि कामालाही कमी पडते. मोठ्या कॅनिस्टरला, म्हणजे लाइम भरायच्या डब्याला, एका वेळी सुमारे अडीच किलो लागते. 20 किलोच्या ड्रममधून आठ भरण्या होतात आणि दर डाइव्हमागे हा मार्ग स्वस्त पडतो.

किंमत मोजावी लागते ती हाताच्या कामात. मास्क आणि हातमोजे घालून, वाऱ्याकडे पाठ करून भरायचे. एक तृतीयांश भरले की चारही बाजूंनी टिचक्या मारून दाणे बसवायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा बसवायचे, मग स्प्रिंगची जाळी दाबून लावायची. भरलेल्या कॅनिस्टरचे वजन दर वेळी लिहून ठेवा. नेहमीपेक्षा शे-दीडशे ग्रॅम कमी आले तर दाणे सैल आहेत असे समजून रिकामे करून पुन्हा भरा. सैल जागेतून वायूला चोरवाट मिळते आणि बाकीचे लाइम ताजे असूनही कार्बन डायऑक्साइड तोंडाशी परत येतो. कॅनिस्टरची ओ-रिंग किंवा स्पेसर विसरला तरी हेच होते. पाच मिनिटांच्या प्री-ब्रीदवर, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी मशीनवर श्वास घेऊन पाहण्यावर, भरवसा ठेवू नका. अर्धवट गळती त्यात अनेकांच्या लक्षात येत नाही.

कार्ट्रिजमध्ये भरण्याचे कौशल्य लागतच नाही. शोषक आधीच घट्ट साच्यात बसवलेले, वर हवाबंद पाकीट. धूळ जवळजवळ नाही, आज सैल आणि उद्या घट्ट असा फरक नाही. पण पाकीट फोडल्यावर कार्ट्रिज उजेडात फिरवून तडा आहे का पाहा, कारण बोटीवर आपटलेली कार्ट्रिज बाहेरून धडधाकटच दिसते. ती घरात नीट बसली आहे का, सील दुमडलेले नाही ना, हेही पाहायलाच लागते. चोरवाट आत नसली तरी कडेने असू शकते.

भारतातून डाइव्ह करणाऱ्याने इथे एक मोह टाळावा. पुण्या-मुंबईत भूल देण्याच्या मशीनचे सोडालाइम सहज मिळते आणि दिसायलाही तसेच असते. ते सहसा मोठ्या दाण्यांचे असते. ऑपरेशन थिएटरमध्ये वायू एका बारच्या दाबाखाली आणि उबदार खोलीत वाहतो. 30 मीटरवर तोच वायू चौपट दाट असतो, दाण्यापाशी त्याला मिळणारा वेळ मोजका असतो आणि मोठ्या दाण्यांचा एकूण पृष्ठभाग कमी भरतो. रंगावरही जाऊ नका. वापरून जांभळे झालेले लाइम ठेवून दिले की रंग परत पांढऱ्याकडे झुकतो, शोषणशक्ती परत येत नाही. विमानाने आणताना वाद झाला तर कागद दाखवा: 4 टक्क्यांहून जास्त कॉस्टिक सोडा असलेलेच सोडालाइम घातक मालात मोडते.

युरोपियन चाचणीत लाइमचा टिकाव 4 अंश सेल्सियसच्या पाण्यात, 40 मीटरवर आणि मिनिटाला 1.6 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडून मोजतात. अंदमानच्या कोमट पाण्यात क्रिया सोपी होते हे खरे, पण ते उसनवारीचे मिनिट समजा, वेळ ताणू नका. अर्धे वापरलेले कॅनिस्टर उद्यासाठी ठेवायचे असेल तर हवाबंद ठेवा आणि किती मिनिटे वापरले ते त्यावरच लिहा.

आता सेल. गॅल्व्हॅनिक सेल म्हणजे शिसे, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि पातळ पडदा. पाकीट उघडल्यापासून तो झिजत असतो, डाइव्ह करा वा न करा. हवेत साधारण 9 ते 13 मिलिव्होल्ट मिळतात. हवेत 10.5 असेल तर शुद्ध ऑक्सिजनमध्ये 50 च्या आसपास यायला हवा, कारण गुणक 4.76 आहे. कमी आला तर सेल बाद.

फसवा बिघाड वेगळा आहे. म्हातारा सेल एका आकड्यावर अडकतो. ऑक्सिजनचा खरा दाब 1.6 बार असला तरी तो 1.2 दाखवतो आणि कंट्रोलर (ऑक्सिजन सोडणारा मशीनचा संगणक) ऑक्सिजन सोडतच राहतो. जमिनीवरच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे सेलचा आकडा ओळखीच्या वायूशी जुळवताना, हे पकडता येत नाही, कारण तिथे 1 बारच्या वर जाताच येत नाही. उपाय पाण्यात: 6 मीटरवर शुद्ध ऑक्सिजन फ्लश करून, म्हणजे आतला वायू काढून तोच भरून, 1.6 येतो का पाहा. 30 मीटरवर डायल्युएंट (ऑक्सिजन पातळ करणारा वायू, इथे हवा) फ्लश केला तर 0.84 दिसायला हवे.

तीन सेलच्या मतदानाला, म्हणजे जुळणाऱ्या दोन सेलचा आकडा खरा धरण्याला, इथेच खिंडार पडते. एकाच बॅचचे, एकाच दिवशी लावलेले दोन सेल सोबतच म्हातारे होतात आणि खरे बोलणाऱ्या तिसऱ्याला हरवतात. म्हणून तिन्ही एकदम बदलू नका. काही महिन्यांनी एक, वेगवेगळ्या बॅचचा, आणि बसवल्यापासून वर्षभरात बाद. शर्ट घालून पाहावा तसे कनेक्टर जुळतो का तेही आधी पाहा: तोच सेल मोलेक्स, जॅक आणि कोॲक्स अशा वेगळ्या टोकांचा येतो.

पोसायडनची कल्पना वेगळी. मतमोजणीऐवजी मशीन स्वतःच मुख्य सेन्सरवर ओळखीचा वायू सोडून उत्तर तपासते. तिथे सॉलिड-स्टेट सेन्सरही बसतो. हा रंगद्रव्याच्या चमकेवरून ऑक्सिजन मोजतो, त्यामुळे त्यात शिसे नाही आणि शेल्फवर पडून झिजही नाही. खरेदीची किंमत गॅल्व्हॅनिकच्या कित्येक पट. शिवाय तो डिजिटल असल्याने मिलिव्होल्ट वाचणाऱ्या हँडसेटला सहसा चालत नाही. हौसेने घेऊन जुन्या मशीनला लावता येईल असे समजू नका.

दोन्ही प्रकारांत ओलावा शत्रू आहे. डाइव्हनंतर हेड (सेल बसवलेला भाग) उघडून सावलीत कोरडे करा. पडदा पुसू नका, त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पडद्यावर थेंब असेल तर आकडा हळू सरकतो, तो चुकला म्हणून लगेच सेल फेकू नका. आधी वाळवा. ग्रीस ऑक्सिजनला चालणारेच, क्रिस्टोल्यूबसारखे. साधे सिलिकॉन ग्रीस ऑक्सिजनच्या बाजूला नको.

वर्षात मोजक्या डाइव्ह आणि त्या सुट्टीत एकदम होणार असतील, तर मी कार्ट्रिजच्या बाजूचा, कारण उघडा ड्रम घरी पडून राहत नाही. मात्र त्या ठिकाणी कार्ट्रिज मिळतात का, की सोबत न्याव्या लागतील, हे आरक्षणाआधी विचारा. दर महिन्याला पाण्यात असाल तर सुटे लाइम आणि भरण्याची वही. सेलबाबत मात्र मी सॉलिड-स्टेटच्या किमतीपेक्षा मशीन सेलचे उत्तर पाण्यात स्वतः तपासते की नाही, हेच आधी विचारीन. तुमच्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर ते काम फ्लश करून तुम्हीच करायचे. सेल कोणताही घ्या, बसवल्याची तारीख पक्क्या शाईने त्याच्या अंगावरच लिहा.