पीकसंरक्षणाच्या परवान्यावर कोणती बंदूक घ्यावी?

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ज्या बागायतदारांना पीकसंरक्षणाचा परवाना मिळाला आहे किंवा ज्यांचा अर्ज मंजुरीच्या वाटेवर आहे, त्यांच्यापुढे ठासणीची बंदूक घ्यावी, काडतुसाची एकनळी घ्यावी की दुनळी, हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. अलीकडे त्यात एका चौथ्या पर्यायाची भर पडली आहे. तरुण मंडळी परदेशी बोल्ट अ‍ॅक्शन रायफली (हाताने खिटी मागे-पुढे करून काडतूस भरायच्या) मोबाइलवर पाहतात आणि आपल्या बागेलाही तसेच लांब पल्ल्याचे हत्यार हवे, असे त्यांना वाटू लागते. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अमेरिकेत युटामधील ख्रिस्टेन्सन आर्म्स किंवा मोंटानामधील प्रूफ रिसर्च अशा कंपन्या ज्या रायफली तयार करतात, त्यांना तिकडे सेमी-कस्टम म्हणतात. रायफलीचा मूळ सांगाडा कंपनीचा ठरलेला असतो. नळी, दस्ता आणि काडतुसाचा प्रकार गिऱ्हाईक स्वतः निवडतो. पोलादी नळीवर कार्बन फायबर गुंडाळून वजन कमी केलेले असते आणि १०० यार्डांवर गोळ्यांचा पुंजका सुमारे एका इंचाच्या आत बसेल, अशी हमी या वर्गातले अनेक उत्पादक देतात. हे काम उत्तम दर्जाचे आहे, यात शंका नाही. पण त्या रायफली उघड्या डोंगररांगांसाठी घडवलेल्या असतात, जिथे जनावर समोरच्या उतारावर चारशे-पाचशे मीटरवर दिसते आणि त्याच्या मागे मातीचा डोंगर असतो. आपल्याकडे हापूसच्या कलमांतून किंवा माडा-पोफळीच्या आगरातून पन्नास मीटरपलीकडचे नीट दिसत नाही, आणि त्या झाडीच्या पलीकडे बहुधा दुसऱ्या वाडीतले घर, पाणंद किंवा शाळेची वाट असते. .३०-०६ सारख्या रायफलीची वर झाडलेली गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते, साध्या .२२ च्या काडतुसांच्या डबीवरसुद्धा दीड मैलाच्या धोक्याचा इशारा छापलेला असतो. कोकणातल्या विखुरलेल्या वस्तीत एवढा पल्ला हा गुण मुळीच नाही, आणि वांदर तर नेहमी झाडाच्या शेंड्यावरच बसलेले असते.

देशी रायफलींमध्ये पश्चिम बंगालातल्या इछापूरच्या कारखान्याची .३१५ सर्वांच्या परिचयाची आहे. तिची बोल्ट अ‍ॅक्शन ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे, आणि लष्कराच्या .३०३ ची काडतुसे नागरिकांच्या हत्यारात चालू नयेत म्हणून इंग्रजांच्या काळात हे वेगळे माप रूढ झाले. रायफल दणकट आहे. तरीही पीकसंरक्षणासाठी तिची शिफारस मी करणार नाही, आणि कायद्याचा रोखही त्याच दिशेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातले कलम १३ पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचे नाव घेते, आणि ती अपुरी पडेल असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीची मुभा देते. रायफलीचा उल्लेख त्या तरतुदीत नाही.

आता ठासणीच्या बंदुकीविषयी. तिची किंमत कमी, रचना साधी, आणि गावातल्या जुन्या माणसांना तिची सवय आहे. मोजून दारू ओतायची, वर सोडणाच्या काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी घोडा वर करून निपलवर केप, म्हणजे ठिणगी देणारी छोटी टोपी, बसवायची. वांदरांचा कळप शहाळी तोडायला किंवा काजूची बोंडे खायला उतरला असता केवळ आवाजाने त्याला हुसकावायचे असेल, तर छर्रे न घालता काढलेला ठासणीचा बार आजही सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक आहे. तिची खरी परीक्षा पावसात होते. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो, आणि भात पोटरीला येते त्या दिवसांत, म्हणजे रानडुकरे रात्री खाचरात शिरतात नेमके तेव्हा, दारू सर्द होते, केप फुसकी जाते आणि बार काही क्षण अडून मागाहून उडतो. हा अडून उडणारा बार फार घातक असतो, कारण बंदूक उडाली नाही असे समजून माणूस नळी भलतीकडे वळवतो. केप वाजूनही बार झाला नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून पुरेसा वेळ थांबलेच पाहिजे. शिवाय काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, त्यामुळे वापर झाला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेल लावणे टळत नाही. ज्याला हे रोज करणे जमणार नाही, त्याने ठासणीची घेऊ नये.

माझे मत १२ बोरच्या एकनळीच्या बाजूने आहे. तिची नळी सुमारे साडेअठरा मिलिमीटर व्यासाची असते, बंदूक मधोमध मोडून काडतूस घालता येते आणि तशीच मोडून ती निर्धोक आहे हे चार माणसांना दाखवता येते. छऱ्यांचा उपयुक्त पल्ला ३५ ते ४० मीटर, म्हणजे आपल्या आगरात जेवढे दिसते तेवढाच. चार नंबरचे बारीक छर्रे अडीचशे मीटरच्या आसपास जाऊन पडतात. एलजीचे सुमारे नऊ मिलिमीटरचे मोठे छर्रे मात्र सातशे मीटरही जाऊ शकतात, म्हणून वाडीजवळच्या बागेसाठी ते घेऊच नयेत. पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची शक्तिमान काडतुसे सर्वांच्या ओळखीची आहेत. पावसाळ्यासाठी प्लॅस्टिकच्या कवचाची घ्यावीत, कारण कागदी कवच फुगून नळीत अडकते.

मुंगेर आणि जम्मू इथल्या खासगी कारखानदारांच्या एकनळ्या बाजारात येतात, आणि त्यांच्या घडणीत एकाच नावाखालीही पुष्कळ फरक आढळतो. म्हणून छापील माहितीवर न जाता नग हातात घेऊन पाहावा. बंद केलेल्या बंदुकीची नळी एका हातात आणि दस्ता दुसऱ्या हातात धरून हलवावा. बिजागरीत किंचितही खुळखुळ जाणवली तर तो नग बाजूला ठेवावा. मोडलेल्या नळीतून उजेडाकडे पाहिले असता आतली वर्तुळे अखंड दिसली पाहिजेत. एखादे वर्तुळ चेपल्यासारखे दिसले तर तिथे पोचा आहे असे समजावे. चोकविषयी, म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेल्या आवळपणाविषयी, दुकानदाराला स्पष्ट विचारावे. फुल चोक ४० यार्डांवर सुमारे सत्तर टक्के छर्रे तीस इंचांच्या वर्तुळात ठेवतो आणि साधी सिलिंडर नळी चाळीस टक्के. झाडीतल्या जवळच्या कामाला मधला चोक पुरे. शेवटी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. मान न वाकवता नळीच्या टोकावरची नेमाची माशी समोर आली तर दस्ता आपल्या मापाचा आहे. सेमी-कस्टम रायफलीसाठी लोक ज्या मापाचे वेगळे पैसे मोजतात, ते इथे जरा वेळ दिला की फुकट मिळते.

खाऱ्या हवेपुढे मात्र कोणतीही नळी टिकाव धरत नाही. बंदूक कापडी किंवा चामडी खोळीत ठेवण्याची आपल्याकडची पद्धत सोडली पाहिजे, कारण खोळ ओल धरते आणि गंज नेमका खोळ टेकते तिथे चढतो. तेलाचा पातळ हात देऊन, कुलूपबंद कपाटात उघडीच उभी ठेवणे योग्य. निवडणुकीच्या काळात बंदूक ठाण्यात जमा करावी लागली, तर ती कित्येक आठवडे कोणी पुसत नाही. तसे पाठवताना आतून-बाहेरून जाड तेल लावून पाठवावी आणि पावतीवर क्रमांक तपासून घ्यावा.

दुनळी कोणी घ्यावी? ज्याची बाग मोठी आहे, डुकरांचा उपद्रव खरोखर जबर आहे आणि वनखात्याकडून ज्याला रीतसर परवानगी मिळाली आहे, त्यानेच. दोन चाप आणि दोन निरनिराळे चोक यांचा लाभ खरा आहे, पण वजन अधिक, किंमत बरीच अधिक, आणि दुसरा बार घाईत सुटण्याचा धोकाही अधिक. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हे इथे सांगितलेच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली त्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, आणि गवा तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने कितीही नासधूस केली तरी भरपाईचा अर्ज करणे हाच मार्ग.

घरात वडिलांच्या नावाची ठासणीची बंदूक असेल, तर नवीन एकनळी घेण्यापूर्वी ती आपल्या नावावर करून घेण्याचे किंवा जमा करण्याचे काम आधी उरकावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे, त्यामुळे या दोन जागा कशाला द्यायच्या, हे पैसे मोजण्याआधी ठरलेले असावे.